ओळखीचा चढ : सिंहगडाच्या वाटेवरील हिवाळी सरावाविषयी

पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर आणि विशेषतः सिंहगडाच्या आतकरवाडीकडील पायवाटेवर दिवाळीनंतर जी वर्दळ सुरू होते आणि होळीच्या सुमारास ओसरू लागते, तिच्यात गड पाहायला आलेले, वर जाऊन पिठलं-भाकरी खाण्यासाठी निघालेले आणि पाठीवर जड सॅक घेऊन केवळ चढून उतरण्यासाठी आलेले लोक एकाच वाटेने चालत असतात. यांपैकी तिसऱ्या गटाची चढाई दुर्गभ्रमणात मोडत नाही, कारण त्या गटाला गडावरचे काहीही नव्याने पाहायचे नसते. तोच चढ, तीच वळणे आणि तोच पुणे दरवाजा आठवड्यामागून आठवडा गाठत राहून शरीराची चालण्याची, ओझे वाहण्याची आणि दम टिकवण्याची ताकद वाढवणे एवढाच तिचा हेतू असतो. या लेखात तिला ‘सराव-चढाई’ म्हटले आहे. अशा सरावाची जबाबदारी घेणाऱ्या मार्गदर्शकांच्या कामातून जे समजत जाते, ते शरीरशास्त्राच्या पुस्तकांतून मिळणाऱ्या माहितीशी बहुतांशी जुळते; मात्र त्यातील कोणत्या गोष्टीला किती महत्त्व द्यायचे, हे ठरते ते वाटेवरच.

सरावासाठी हिवाळाच का निवडला जातो, याचे उत्तर हवामानाइतकेच सुट्ट्यांच्या वेळापत्रकातही आहे. महाराष्ट्रातून हिमालयात पदभ्रमणाला जाणाऱ्यांची मोठी संख्या शाळांच्या सुट्ट्यांमुळे एप्रिल-मे महिन्यांत जाते, आणि तिथल्या चार-पाच हजार मीटर उंचीच्या खिंडी ओलांडायच्या तर निदान चार-पाच महिन्यांची तयारी हवी, असा जाणत्यांचा आग्रह असतो. या हिशेबाने मागे मोजत गेल्यास आरंभ नोव्हेंबरमध्ये येतो, आणि सह्याद्रीतही नेमकी तेव्हाच वाट चालण्याजोगी होते. त्याआधीच्या चार महिन्यांत पावसाने माती निसरडी झालेली असते, कातळावर शेवाळ चढलेले असते आणि धुक्यात पुढचा माणूस दिसत नाही. त्यानंतरच्या एप्रिलमध्ये उन्हाचा तडाखा असा असतो की, सकाळी नऊनंतर ओझे घेऊन चढणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण ठरते. मधल्या काळात पुण्यात पहाटेचे तापमान दहा-बारा अंशांपर्यंत उतरते आणि दुपारी ते तीस अंशांच्या आसपास जाते. म्हणून सराव-चढाईचा दिवस सूर्योदयापूर्वी सुरू होतो आणि बहुधा दुपारच्या जेवणाआधी संपतो.

सिंहगडाची निवड सोयीची तर आहेच, कारण स्वारगेटहून पायथ्यापर्यंत शहर बस जाते. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा चढ मोजमापाच्या दृष्टीने फार सुटसुटीत आहे. गडाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १,३१२ मीटर असून आतकरवाडीपासून दरवाजापर्यंत साधारण सहाशे मीटरचा चढ तीन किलोमीटरहून कमी अंतरात पार करावा लागतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये डोंगरातील चालीचा एक अंदाज मांडला होता. सपाटीवरील दर तीन मैलांना, म्हणजे जवळपास पाच किलोमीटरना, एक तास धरावा आणि दर दोन हजार फूट चढाईसाठी, म्हणजे जवळपास सहाशे मीटरसाठी, आणखी एक तास मिळवावा, असा तो नियम आहे. सिंहगडाला तो लावला तर चढाईचा वेळ दीड तासाच्या आसपास येतो, आणि नवख्या पण निरोगी माणसाला पहिल्या काही खेपांत खरोखरच तेवढा, किंवा त्याहून थोडा जास्त, वेळ लागतो. सरावलेली माणसे तोच चढ तासाभरात आणि काही जण पाऊण तासात चढतात. कष्टाचाही असाच हिशेब मांडता येतो. साठ किलो वजनाच्या व्यक्तीने दहा किलोची सॅक घेऊन सहाशे मीटर उंची गाठली, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध झालेले निव्वळ काम शंभर किलोकॅलरींच्या जवळपास भरते. परंतु स्नायू खर्चलेल्या ऊर्जेचा फार तर पाव हिस्साच प्रत्यक्ष कामात उतरवतात आणि उरलेली उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते, त्यामुळे शरीराचा खरा खर्च चारशे किलोकॅलरींच्या घरात जातो. कडाक्याच्या थंडीतही पहिल्या वीस मिनिटांत स्वेटर काढावासा वाटतो, तो या उष्णतेमुळे.

या वाटेचा आणखी एक गुण तिच्या खडकात आहे. सह्याद्री हा लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांपासून बनलेला असून त्यातील कठीण बेसाल्टचे थर झिजायला नकार देतात, तर मऊ, भेगाळलेले थर लवकर झिजून मागे सरतात. यामुळे डोंगराच्या अंगावर उभा चढ आणि त्यानंतर थोडी सपाटी, पुन्हा उभा चढ आणि पुन्हा सपाटी अशी रचना तयार होते. व्यायामशास्त्रात जोराचे श्रम आणि हलकी विश्रांती आलटून-पालटून देण्याच्या पद्धतीला ‘इंटरव्हल’ पद्धत म्हणतात आणि तिच्यासाठी धावपटू घड्याळ लावून बसतात. सिंहगडाच्या वाटेवर ते काम डोंगरच करतो. उभ्या टप्प्यावर नाडी वाढते, सपाटीवर ती काहीशी खाली येते, आणि ती किती लवकर खाली येते यावरून हृदयाची तयारी कळते. म्हणूनच सपाटीवर पोहोचताच खाली बसणाऱ्यांना मार्गदर्शक उठवतात आणि हळू का होईना, चालत राहायला सांगतात. बसल्याने पायांत रक्त साचते, शरीर थंड पडते आणि पुढचा चढ पुन्हा पहिल्यापासून सुरू केल्यासारखा जड जातो.

नव्याने येणाऱ्यांची सर्वांत जास्त तक्रार असते ती याच वाटेच्या एकसुरीपणाबद्दल. दर रविवारी नवा किल्ला का नाही, राजगड, तोरणा, तिकोना इतक्या जवळ असताना तोच सिंहगड कशासाठी, हा प्रश्न डिसेंबर संपेपर्यंत प्रत्येक गटात एकदा तरी निघतो. त्याचे उत्तर देताना अनुभवी मार्गदर्शक फारसे डगमगत नाहीत, आणि त्यांचे म्हणणे येथे ठामपणे नोंदवायला हवे : ओळखीची वाट हीच सरावाची मोजपट्टी असते, आणि मोजपट्टी दर आठवड्याला बदलली तर माणूस वाढला की वाट सोपी होती, हे कधीच समजत नाही. ओळखीच्या चढावर शरीर स्वतःची बातमी स्वतः देते. मागच्या खेपेला ज्या वळणावर धाप लागून थांबावे लागले होते, तिथे या वेळी बोलत बोलत पुढे जाता आले, तर हृदय व फुप्फुसे सुधारली. त्याच वळणावर पूर्वीपेक्षा लवकर थकवा आला, तर रात्रीची झोप अपुरी झाली असेल, ताप येण्याची पूर्वखूण असेल किंवा आठवडाभराचा व्यायाम अती झाला असेल. नव्या वाटेवर हे सगळे कुतूहलाखाली झाकले जाते. नवा किल्ला पाहण्याचा आनंद मोठा आहे आणि तो कोणी सोडू नये. तो आनंद आणि हा सराव एकाच दिवशी साधत नाहीत, एवढेच.

सरावाच्या पाच महिन्यांत शरीराचे निरनिराळे भाग निरनिराळ्या गतीने बदलतात, आणि बहुतेक दुखापतींचे मूळ या विषमतेत सापडते. सर्वांत आधी दम सुधारतो. काही आठवड्यांतच हृदय एका ठोक्याला अधिक रक्त बाहेर टाकू लागते आणि रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, म्हणून डिसेंबरच्या मध्याला नवखा माणूससुद्धा आपण बदललो आहोत असे आनंदाने सांगू लागतो. त्यानंतर स्नायू बदलतात. त्यांच्यातील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, आणि पेशींमध्ये प्राणवायूच्या साहाय्याने ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म घटक, ज्यांना तंतुकणिका म्हणतात, त्यांची संख्या वाढते. या बदलाला दीड-दोन महिने लागतात. सर्वांत मागे राहतात त्या कंडरा आणि अस्थिबंध, म्हणजे स्नायूंना हाडांशी आणि हाडांना हाडांशी बांधणारे चिवट पट्टे, कारण त्यांचा रक्तपुरवठा कमी असतो आणि त्यांना बळकट व्हायला अनेक महिने जातात. परिणाम असा की जानेवारीत छाती पुढे धावायला तयार असते, मांड्याही साथ देतात, पण गुडघ्याची वाटी आणि टाचेची शीर अजून नोव्हेंबरमध्येच असते. सर्वाधिक उत्साही सदस्य याच महिन्यात लंगडत येतात. अनुभवी मार्गदर्शक नोव्हेंबरमध्ये मागे पडणाऱ्यांची चिंता करत नाहीत. जानेवारीत सर्वांच्या पुढे जाऊन दरवाजापाशी वाट पाहत बसणाऱ्यांची मात्र करतात, आणि सॅकचे वजन वाढवण्याची परवानगी सर्वांत उशिरा त्यांनाच देतात.

ओझ्याचा प्रश्न उतारावर खऱ्या अर्थाने उभा राहतो. चढताना मांडीच्या पुढच्या भागातील स्नायू आखडत आखडत काम करतात, तर उतरताना तेच स्नायू ताणले जात असताना शरीराचा भार आवरून धरतात. या दुसऱ्या प्रकारच्या कामाने दम लागत नाही, त्यामुळे ते सोपे वाटते; स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा मात्र त्यानेच अधिक होते, आणि मांड्यांचा ठणका त्या दिवशी जाणवत नसून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जाणवतो. स्नायूंचा एक आश्चर्यकारक गुण असा की, या ठणक्यातून एकदा गेल्यावर पुढच्या खेपेला तेवढ्याच उतरणीने इजा बरीच कमी होते, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. हिमालयात सहाव्या दिवशी खिंड ओलांडून हजार मीटरची उतरण समोर आल्यावर ज्यांचे पाय थरथरत नाहीत, त्यांनी हे संरक्षण आधीच कमावलेले असते. दर आठवड्याच्या नेमाचे शास्त्रीय कारणही हेच आहे, कारण महिन्यातून एकदा केलेली मोठी चढाई दर वेळी नव्याने ठणका देते आणि फार थोडे पदरात टाकते.

गुडघ्याचा सांधा मात्र असा लवकर तयार होत नाही आणि उतरताना त्यावर येणारा भार शरीराच्या वजनाच्या कित्येक पट असतो. यावर जुन्या गिर्यारोहकांनी काढलेला उपाय साधा आहे. सॅकमध्ये दगड किंवा वाळू न भरता पाण्याच्या बाटल्या भरायच्या, ते वजन वर न्यायचे, आणि वर पोहोचल्यावर पिण्यापुरते ठेवून उरलेले पाणी एखाद्या झाडाच्या बुंध्याशी ओतून हलक्या पाठीने उतरायचे. हिवाळ्याच्या उत्तरार्धात गडमाथ्यावरची माती भेगाळलेली असते, तेव्हा त्या पाण्याचा दुसराही उपयोग होतो. उतारावर ओझे घेण्याचा सराव शेवटच्या महिन्यात, थोड्या वजनाने आणि मोजक्याच वेळा केला जातो. त्याआधी शिकायचे असते ते पाऊल टाकणे. पावसाने वाहून आणलेली माती डिसेंबरनंतर पूर्ण सुकते आणि मुरमाचे बारीक खडे कातळावर सुटे होऊन पसरतात. या घसरड्या उतरणीला घसारा म्हणतात. घसाऱ्यावर घाबरलेला माणूस मागे झुकतो, त्यामुळे भार टाचेवर जाऊन पाय निसटतो. गुडघे किंचित वाकवून, लहान पावले टाकत, भार पूर्ण तळव्यावर ठेवणे हे सांगून येत नाही. त्याच घसाऱ्यावरून अनेकदा गेल्यानेच ते अंगवळणी पडते.

गट चालवणाऱ्याची जागा रांगेच्या शेवटी असते. पुढे चालणाऱ्याला फक्त वाट दिसते, शेवटी चालणाऱ्याला माणसे दिसतात. कोणाच्या बुटाचा एकच तळ जास्त घासतो, कोण प्रत्येक पायरीवर हाताने गुडघा दाबतो, कोणाची सॅक एका खांद्यावर कलली आहे, कोणाचे बोलणे अर्ध्या वाक्यात तुटते, हे सगळे मागूनच कळते. यांपैकी बोलण्याची कसोटी सर्वांत उपयोगी आहे. सलग वाक्य बोलता येत असेल तर गती दीर्घकाळ टिकणारी आहे, दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर ती फार वेळ टिकणार नाही, आणि सरावाचा बहुतांश भाग पहिल्या गतीतच व्हायला हवा. घड्याळाकडे पाहणाऱ्यांना हे पटवणे हे मार्गदर्शकाच्या कामातील सर्वांत चिकाटीचे काम असते. त्यातही चाळिशी-पन्नाशीत प्रथमच चालायला आलेल्या स्त्रियांच्या बाबतीत त्याला उलट दिशेने बोलावे लागते. घरच्या कामांतून रविवारची पहाट कशीबशी मोकळी करून आलेल्या या स्त्रिया आपल्यामुळे गट खोळंबतो या संकोचाने दमापेक्षा जास्त वेगाने चालतात. आपल्याच चालीने चालण्याचा त्यांचा हक्क गटाने मान्य केला की फेब्रुवारीपर्यंत सर्वांत विश्वासार्ह चाल बहुधा त्यांचीच झालेली दिसते.

थंडीचे म्हणून काही खास धडे आहेत. निरभ्र रात्री डोंगरउतारावरची थंड, जड हवा खाली ओघळून दरीत साठते, त्यामुळे पहाटे सर्वांत बोचरी थंडी पायथ्याला असते आणि थोडे वर गेल्यावर हवा चक्क उबदार लागते. पायथ्याशी अंगात घातलेले जाड कपडे चढावर घामाने भिजतात, आणि माथ्यावरचा वारा त्या ओल्या कपड्यांवर आदळला की काही मिनिटांत हुडहुडी भरते. थोडी थंडी सोसत निघावे, आणि दरवाजातून आत शिरताच, थंडी वाजण्याची वाट न पाहता, कोरडा सदरा आणि वारारोधक जाकीट चढवावे, ही शिस्त सिंहगडावर फार तर सर्दी वाचवते. चार हजार मीटरवर तीच जीव वाचवू शकते. पाण्याचेही तसेच आहे. कोरड्या थंड हवेत प्रत्येक उच्छ्वासाबरोबर शरीरातील ओलावा बाहेर जातो, घाम लगेच वाळल्याने तो गेल्याचे कळत नाही आणि तहानही मंदावते. म्हणून तहान लागण्यापूर्वी घोटभर पाणी पिण्याची सवय हिवाळ्यातच लावावी लागते. वाटेवर मिळणारे लिंबू सरबत आणि ताक यांत पाण्याबरोबर मीठही मिळते, ही या वाटेची कृपाच आहे.

ते ताक आणि मडक्यातले दही विकणाऱ्या माणसांकडे सराव करणाऱ्यांनी अधिक लक्षपूर्वक पाहायला हवे. गडावर आणि पायथ्याच्या वाड्यांवर राहणाऱ्या बाया डोक्यावर किंवा कमरेवर ओझे घेऊन, साध्या चपला घालून हा चढ पिढ्यानपिढ्या चढत आल्या आहेत, आणि त्यांच्या चालीत चांगल्या चढाईची सगळी लक्षणे आढळतात : पावले आखूड, गती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच, मान स्थिर, थांबणे उभ्यानेच आणि थोडा वेळ. शहरातून आलेला माणूस पहिल्या टप्प्यात त्यांना मागे टाकतो आणि तिसऱ्या टप्प्यात धापा टाकत बसलेला असताना त्या त्याच चालीने पुढे निघून जातात. शहरातला माणूस ज्याला व्यायाम म्हणतो ते त्यांचे पोटापाण्याचे कष्ट आहेत, ही जाणीव ठेवून त्यांच्याकडून शिकावे आणि त्यांच्या हातचे ताक घासाघीस न करता घ्यावे.

या सरावाला एक ठळक मर्यादा आहे आणि ती निघण्यापूर्वी सांगणे हे मार्गदर्शकाचे कर्तव्यच ठरते. सिंहगडाच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक सप्तमांशाने कमी असतो; ५,३६४ मीटरवरील एव्हरेस्टच्या तळछावणीवर तो जवळपास निम्मा होतो. विरळ हवेशी शरीराने जुळवून घेण्याच्या प्रक्रियेला अनुकूलन म्हणतात. श्वासाचा वेग वाढणे, मूत्रपिंडांनी रक्तातील आम्लतेचा तोल पुन्हा साधणे आणि पुढे तांबड्या पेशी वाढणे असे तिचे टप्पे असून ती प्रत्यक्ष उंचीवर गेल्याखेरीज सुरू होत नाही. सह्याद्रीत कितीही चढले तरी तिची बेगमी करता येत नाही. उलट, सिंहगडावर कमावलेली ताकद तिथे धोक्याची ठरू शकते, कारण दमदार माणूस पहिल्याच दिवसांत वेगाने वर जातो आणि डोकेदुखी, मळमळ यांना थकवा समजून दुर्लक्ष करतो. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, हा संकेत बलवान आणि दुबळे दोघांनाही सारखाच लागू आहे. १९९८ मध्ये पुण्याच्या सुरेंद्र चव्हाण यांनी एव्हरेस्टचे शिखर गाठले आणि २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालील गिरिप्रेमी संस्थेच्या मोहिमेने तेच शिखर सर केले, तेव्हापासून सिंहगड चढला की हिमालय जमतो अशी समजूत शहरात पसरली आहे. अशा मोहिमांतले गिर्यारोहक हिमालयात आठवडेच्या आठवडे अनुकूलनासाठी खर्च करतात, हा त्या यशाचा भाग लोकांच्या लक्षात क्वचितच राहतो.

आठवड्यातून एक मोठी चढाई पुरत नाही, तिला मधल्या दिवसांच्या छोट्या चालीचा आधार लागतो, आणि तो पुण्यात पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी आणि वेताळ टेकडी देतात. घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर टेकडी असली की नोकरीवर जाण्यापूर्वी तासभर चढउतार होतो. तीच टेकडी तासाभराच्या प्रवासावर असली तर नेम पहिल्या महिन्यात मोडतो. वेताळ टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा रस्ता नेण्याच्या योजनेला नागरिकांनी जो विरोध केला, त्यात झाडे, मोर आणि भूजल यांचे मुद्दे योग्यच होते. त्यांच्या जोडीला हाही मुद्दा तितक्याच आग्रहाने मांडला जायला हवा की, रोज पहाटे हजारो पायांना फुकट मिळणारी ही व्यायामशाळा एकदा तोडली तर कोणत्याही निधीतून दुसरी बांधता येणार नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस काटेसावर आणि पळस फुलून जातात, गवत कोरडेठाक होते आणि वणव्यांचे दिवस सुरू होतात. या काळात निघण्याची वेळ आणखी अर्धा तास अलीकडे ओढली जाते, काळवंडलेल्या उतारांवरच्या वाटा टाळल्या जातात, आणि वाळक्या गवतात काडी पडू नये म्हणून गटातल्या कोणालाही धूम्रपानाची किंवा चूल पेटवण्याची मुभा नसते. ज्यांना एप्रिलमध्ये निघायचे असते त्यांचे ओझे शेवटच्या दोन आठवड्यांत निम्म्यावर आणले जाते आणि चढाईही एकच ठेवली जाते, कारण तोवर झालेल्या श्रमांची भरपाई शरीर विश्रांतीतच करते आणि शेवटच्या आठवड्यातल्या अट्टहासाने फक्त दुखरे गुडघे सोबत जातात. ज्यांना कुठेच जायचे नसते आणि जे केवळ मधुमेह, रक्तदाब किंवा बैठ्या कामाने आखडलेली पाठ यांच्यासाठी आलेले असतात, त्यांच्यासाठी मार्चनंतर सिंहगडाची खेप पंधरवड्यावर जाते आणि टेकडीची चाल पहाटे साडेपाचला सुरू होते.